ओली पावती

माझ्या पोटावर, बेंबीच्या डाव्या अंगाला, सध्या एक जांभळा गोल शिक्का आहे. तो उलटा आहे, म्हणजे आरशासमोर उभे राहिले की सरळ वाचता येतो, आणि त्यावर ‘रौप्यमहोत्सव’ असे लिहिलेले होते. हा महोत्सव माझा नव्हे. तो शहराबाहेर बावीस किलोमीटरवर असलेल्या एका वॉटर पार्कचा आहे, आणि त्या पार्कचे नाव मी घेणार नाही, कारण माझे ६०० रुपये अजून त्यांच्याकडे आहेत.

जाहिरात अशी होती की, पार्कला २५ वर्षे पूर्ण होत असल्याने त्या रविवारी प्रवेश फक्त २५ रुपयांत. अंबडहून सुटीला आलेल्या दोन्ही भाच्यांनी ती मोठ्याने वाचून दाखवली. पहिल्या अडीचशे माणसांपुरतीच ही सवलत आहे, ही ओळ मुंगीच्या अक्षरात होती आणि ती त्यांनी वाचली नाही. आम्ही जालन्याहून निघून फाटकाशी पोचलो तेव्हा अडीचशे माणसे केव्हाच आत गेली होती. आम्ही पूर्ण दराने आत गेलो; तेही धपाटे बाहेरच संपवून, कारण बाहेरचे खाद्यपदार्थ आत चालत नाहीत, असे सुरक्षारक्षकाने सांगितले. बायकोने पहाटे पाचला उठून केलेले चौदा धपाटे आणि डबाभर दही आम्ही चौघांनी सकाळी दहाच्या उन्हात, फाटकाला टेकून, शिक्षा झाल्यासारखे खाल्ले. दोन धपाटे रक्षकाने खाल्ले. त्याला ते चालत होते.

आता मूळ गोष्टीकडे येतो. पाण्यात नायलॉनच्या कपड्यांशिवाय उतरू देत नाहीत. यामागचे शास्त्र मला मान्य आहे. मी शाळेत विज्ञानच शिकवतो. सुती कापड पाणी पिऊन जड होते, त्याचा रंग उतरतो आणि त्याचे तंतू गाळणीत अडकतात. म्हणून कपडे भाड्याने घ्यायचे, भाडे वेगळे आणि प्रत्येक कपड्यामागे २०० रुपये अनामत वेगळी. माझ्यासाठी एक आणि भाच्यांसाठी दोन, असे ६०० रुपये मी भरले. बायको झाडाखालून हलणार नाही, हे तिने घरीच जाहीर केले होते. माझ्या वाट्याला आलेल्या चड्डीचा रंग पिवळा होता आणि तिच्या पार्श्वभागावर मोठ्या अक्षरांत ‘परत करावी’ असे छापलेले होते. अनामतीची पावती कागदाची होती. तिच्यावर क्रमांक आणि रौप्यमहोत्सवाचा गोल शिक्का, दोन्ही एकाच जांभळ्या शाईत मारलेले होते. पावती हरवल्यास अनामत मिळणार नाही, अशी पाटी खिडकीवर होती.

त्या चड्डीला खिसा नव्हता.

या एका वाक्यावर मी चार दिवस विचार करतो आहे. पंचवीस वर्षे एक संस्था माणसांना पाण्यात सोडते, पाण्यात सोडण्याआधी त्यांच्या हातात कागद देते, तो कागद ठेवायला जागा देत नाही आणि बाहेर आल्यावर तोच कागद मागते. पंचवीस वर्षांत हे कोणाच्याच लक्षात आले नसेल, असे मला वाटत नाही. लॉकर होते, पण लॉकरच्या किल्लीची अनामत वेगळी होती आणि तिचीही पावती मिळत होती. बायकोकडे पावती द्यावी हे मला सुचले नाही. हे तिने मला नंतर सुचवले, आणि अजून सुचवते आहे. मी पावतीची घडी घातली, ती करदोड्यात खोचली, वरून चड्डीची नाडी घट्ट आवळली आणि निर्धास्तपणे लाटांच्या तलावात उतरलो.

मुख्य समारंभ त्या तलावाच्याच काठावर होता. खोल बाजूच्या भिंतीआड कप्पे असतात, त्यांत मोठ्या पंख्यांनी हवा दाबली की पाणी पुढे ढकलले जाते आणि लाटा तयार होतात. पाहुणे बोलायला उठले तेव्हा ते पंखे बंद केले, आणि आम्ही तीन-चारशे माणसे कमरेइतक्या निश्चल पाण्यात हात बांधून भाषण ऐकत उभी राहिलो. शाली झाल्या, श्रीफळे झाली, पहिल्या दिवसापासून कामावर असलेल्या माळीबुवांचा सत्कार झाला. तेवढा एक सत्कार मला पटला. पाण्याचा उग्र वास येत होता. शेजारच्या गृहस्थांनी तो क्लोरीनचा, म्हणजे स्वच्छतेचा वास असल्याचे आपल्या मुलाला सांगितले. तो वास निव्वळ क्लोरीनचा नसतो. क्लोरीन माणसांच्या घामाशी आणि मुताशी मिसळले की तो येतो. हे मी त्यांना सांगितले नाही, कारण मुलगा पाणी तोंडात घेऊन चूळ भरत होता.

पाहुण्यांनी भाषणात मराठवाड्याच्या कोरड्या भूमीवर इतके लाख लिटर पाणी खेळवल्याबद्दल मालकांचे अभिनंदन केले. मी कमरेइतक्या पाण्यात उभा राहून हिशेब केला. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वेगाडी आली तेव्हा दहा वाघिणींत मिळून पाच लाख लिटर पाणी होते. २५ मीटर लांब, २० मीटर रुंद आणि १ मीटर खोल हौदात नेमके तेवढेच पाणी मावते. मी ज्यात उभा होतो तो तलाव याहून लहान नव्हता. म्हणजे सुमारे साडेतीनशे किलोमीटर वाहून आणलेली ती अख्खी गाडी इथे एका तलावात रिकामी झाली असती आणि लाटा सुरू करायला वर आणखी पाणी लागले असते. आमच्या गल्लीत नळाला आठव्या दिवशी पाणी येते, आणि मी पूर्ण दराचे तिकीट काढून त्यात उभा होतो, तेव्हा मला फार बोलण्याचा अधिकार नाही. टाळ्या मीही वाजवल्या.

दुपारी दोनला आम्ही तिघे कपडे परत करायला खिडकीवर गेलो. आतला मुलगा वीस-बावीस वर्षांचा होता आणि त्याने रौप्यमहोत्सवाची टोपी घातली होती.

“काका, पावती.”

काका! मला अजून पन्नास लागलेले नाहीत. मी करदोड्यातून जे बाहेर काढले ते बोराएवढा पांढरा लगदा होते. त्याने ते चिमटीत धरून उजेडासमोर पाहिले.

“ही पावती नाही, काका.”

“चार तासांपूर्वी होती.”

“पावती भिजवायची नसती, सर.” हा आवाज मागून आला.

उघड्या अंगाचा मी शिक्षक आहे हे पाठमोरेही ओळखू येते, हे मला तेव्हा कळले. मागे एक गृहस्थ उभे होते. छातीवर पांढरे ओले केस, कमरेला माझ्यासारखीच पिवळी ‘परत करावी’ आणि गळ्यात दोरीला बांधलेली पॉलिथिनची पिशवी. महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाल्याचे त्यांनी न विचारता सांगितले आणि ती पिशवी वर करून दाखवली. तिच्यात त्यांची पावती होती. घडी न घातलेली, सपाट, ठणठणीत कोरडी. पावतीच्या मागे आधार कार्डाची झेरॉक्स, वाचायचा चष्मा आणि रक्तदाबाची एक गोळी होती.

“तुमी पाण्यात जायलात हे तुमाला माहीत होतं का नाही?”

“होतं.”

“पाणी ओलं असतंय, हे बी माहीत होतं?”

“मी विज्ञान शिकवतो.”

“मग तर अजूनच अवघड हाये.”

खिडकीतल्या मुलाला आता जबाबदारीतून मोकळे झाल्यासारखे वाटू लागले होते. तो हनुवटीला हात लावून ऐकत होता. तेवढ्यात धाकटा भाचा ओरडला, “मामा, तुमच्या पोटावर बघा!” मी पाहिले. पावतीवरचा शिक्का अंगावर जसाच्या तसा उमटला होता. तो पाहून मला झालेला आनंद वर्णन करण्यासारखा नव्हता, कारण तो अर्धे मिनिटच टिकला. मी पोट पुढे करून खिडकीपाशी नेले आणि म्हणालो, “हा तुमचाच शिक्का आहे ना?”

मुलाने अव्वल कारकुनांकडे पाहिले. त्यांनी पिशवीतून चष्मा काढला, ओल्या बोटांनी डोळ्यांवर चढवला आणि ते माझ्या पोटासमोर वाकले. “हालू नका. दम धरा जरा.” मी श्वास रोखला. मागे कपडे परत करणाऱ्यांची रांग वाढत होती आणि रांगेतला प्रत्येक जण मान काढून पाहत होता.

“शिक्का उलटा हाये,” त्यांनी निर्णय दिला.

“कागदावरून उमटला, उलटाच उमटणार!”

“म्हंजे ही मूळ प्रत नाही. नक्कल हाये. नकलेला साक्षांकन लागतंय, त्याबिगर ग्राह्य धरता येत नाही.”

“पोटावर सही कोण करणार?”

“ते तुमी बघा. मी निवृत्त हाये, मला अधिकार नाही,” ते खरोखरच्या खंतीने म्हणाले. अधिकार असता तर त्यांनी सही केली असती, याबद्दल मला शंका नाही.

थोरल्या भाच्याने मोबाइलचा पुढचा कॅमेरा माझ्या पोटासमोर धरला, तेव्हा पडद्यावर अक्षरे सरळ झाली आणि क्रमांकाचे ४ आणि १ हे आकडे दिसले. शेवटचा आकडा करदोड्याच्या गाठीखाली दबल्यामुळे उमटलाच नव्हता. म्हणजे माझा क्रमांक ४१० ते ४१९ यांपैकी एक होता. मुलाने वही उघडली. वहीत नावे नव्हती, नुसते क्रमांक आणि रकमा होत्या. मी म्हणालो की ६०० ची नोंद शोधा. ६०० च्या चार नोंदी निघाल्या.

“सोपं हाये,” अव्वल कारकून म्हणाले. “बाकीचे नऊ येऊन पैसे घेऊन जातील. जो उरंल तो क्रमांक सरांचा.”

हा उपाय मुलाला इतका आवडला की त्याने मला बसायला प्लास्टिकची खुर्ची दिली. मी दुपारी सव्वादोन ते संध्याकाळी साडेपाच त्या खुर्चीवर बसलो. सदरा घालता येत नव्हता, कारण पुरावा पोटावर होता. बायको दोनदा येऊन पाहून गेली. पहिल्या वेळी ती म्हणाली, “अहो, सोडा की सहाशे रुपये.” दुसऱ्या वेळी तिने काहीच म्हटले नाही, आणि ते जास्त लागले. अव्वल कारकून आपली अनामत घेऊन केव्हाच मोकळे झाले होते, परंतु ते गेले नाहीत. नातू घसरगुंडीवर होता आणि प्रकरण अर्धवट टाकून जाणे त्यांच्या स्वभावात नव्हते. प्रत्येक क्रमांक आला की ते मोठ्याने सांगत, “चारशे बारा निकाली!”

साडेपाचला दोन क्रमांक उरले. एक ६०० चा, एक ४०० चा. दुसरा मनुष्य बहुधा पावती भिजवून लाजेने घरी गेला असावा. तो माझ्यापेक्षा शहाणा होता. मी समोर पडलेल्या तीन कपड्यांकडे बोट दाखवले आणि सांगितले की तीन कपड्यांचे ६०० होतात, हे पहिलीतले पोर सांगेल. मुलगा मान हलवू लागला होता.

“कपडे तुमी जमा केले,” अव्वल कारकून शांतपणे म्हणाले, “पण तुमीच नेले होते, याला आधार काय?”

यावर मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखे नाही आणि भाच्यांसमोर बोलण्यासारखेही नव्हते. त्या गृहस्थांशी माझे वैर नाही. त्यांनी चाळीस वर्षे कोणत्या तरी खिडकीआड असेच प्रश्न विचारले असतील आणि खिडकीबाहेरच्या माणसाला त्यांची उत्तरे द्यावी लागली असतील. पण मी सातबारा मागत नव्हतो. मी माझेच पैसे परत मागत होतो, पावती पाण्यात नेऊ नये असे मला कोणी सांगितले नव्हते, आणि ज्या मुलाने सकाळी माझ्याकडून ६०० रुपये मोजून घेतले तो हाच होता. त्याला माझा चेहरा आठवत होता. हे त्याने कबूलही केले. “आठवतंय ना काका, पण पावती पाहिजे.”

शेवटी रोख मिळाली नाहीच. वरिष्ठ केक कापायला गेले असल्यामुळे, ६०० की ४०० हा वाद तसाच ठेवून, मला ४०० चे एक कूपन देण्यात आले. ते पुढच्या भेटीत चालेल. त्याच्यावरही शिक्का आहे.

घरी आल्यावर मनाची समजूत घालण्यासाठी मी अशा ठिकाणांचा इतिहास वाचला. १७ जुलै १९५५ रोजी अमेरिकेत डिस्नेलँड उघडले तेव्हा बनावट तिकिटांवर हजारो लोक आत शिरले, नव्या डांबरात बायकांच्या टाचा रुतल्या आणि नळ जोडणाऱ्यांच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याचे नळ कोरडे राहिले. ते वाचून मला थोडे बरे वाटले. मग मनात आले की आमचे अव्वल कारकून त्या दिवशी तिथल्या फाटकावर असते तर एकही बनावट तिकीट आत गेले नसते आणि खरीही फारशी गेली नसती.

काल नळाला पाणी आले. मी साबण, दगड आणि बायकोने दिलेली नारळाची शेंडी घेऊन पोट घासले. ‘रौप्य’ गेले. ‘महोत्सव’ अजून आहे. कूपन मी तांदळाच्या डब्यात ठेवले आहे, कोरडे राहावे म्हणून.