कोल्हापूरच्या विमानात उरलेले व्हेक्टर

कोल्हापूरहून मुंबईला जाणाऱ्या स्टार एअरच्या एम्ब्रायर १४५ मध्ये शिरताना उंच माणसाला मान तुकवावी लागते. आत डावीकडे एक आणि उजवीकडे दोन आसने, मध्ये चिंचोळी वाट. नेमक्या याच व्यासाच्या नळकांड्यातून आणखी एक विमान घडले होते, पण त्याचा एकही नग विकला गेला नाही. त्याचे नाव सीबीए १२३ व्हेक्टर.

ब्राझीलची, तेव्हा सरकारी असलेली विमाने बांधणारी कंपनी एम्ब्रायर आणि अर्जेंटिनातील कोर्दोबा शहराचा सरकारी विमान कारखाना यांनी १९८०च्या दशकात ते मिळून आखले. (जर्मन विमानरचनाकार कुर्ट टांक याच कारखान्यात काही वर्षे काढून पुढे बंगळुरूला आले आणि तेथे त्यांनी ‘मरुत’ हे लढाऊ विमान घडवले.) आसने १९ ठेवली, कारण विसावे आसन आले की अमेरिकी नियमांनुसार विमानात एक परिचारक ठेवावा लागतो. प्रॉपेलर शेपटीजवळ, मागे तोंड करून बसवलेले. विमानाला ओढणारे नव्हे, ढकलणारे. आवाज प्रवाशांच्या मागे राहावा, हा त्यातला हेतू. १८ जुलै १९९० रोजी ते प्रथम उडाले आणि त्याच महिन्यात ब्राझीलचे कोलोर व अर्जेंटिनाचे मेनेम या दोन्ही राष्ट्राध्यक्षांच्या साक्षीने त्याचे थाटात अनावरण झाले.

पुढच्याच महिन्यात इराकने कुवेत घेतले आणि तेल भडकले. ब्राझीलमध्ये महागाईने आधीच कहर केला होता, सरकारी तिजोरीत खडखडाट होता, आणि एम्ब्रायरला हजारो कामगारांना घरी बसवावे लागले.

‘विमान काळाच्या पुढे होते’ असे हळहळून म्हणणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. अर्ध्या-पाऊण तासाच्या फेरीला शांत केबिनसाठी कोणता प्रवासी जास्तीचे तिकीट काढील? पन्नास लाख डॉलरच्या वर किंमत गेलेले १९ आसनी विमान घेण्यापेक्षा छोट्या कंपन्यांनी साधी, स्वस्त विमाने पत्करली, यात त्यांचे काय चुकले? अभियंत्यांनी स्वतःच्या हौसेचे विमान बांधले, गिऱ्हाइकाच्या ऐपतीचे नव्हे.

तरीही तो पैसा सगळाच पाण्यात गेला असे म्हणवत नाही. व्हेक्टरवर हात बसलेली माणसे एम्ब्रायरने शक्य तितकी सांभाळली, डिसेंबर १९९४ मध्ये कंपनी खासगी झाली, आणि ऑगस्ट १९९५ मध्ये एम्ब्रायर १४५ उडाले. ब्राझीलची बुडीत उधारी अशी वसूल झाली. कोर्दोबाचा कारखाना मात्र त्याच सुमारास लॉकहीड या अमेरिकी कंपनीकडे चालवायला गेला. भागीदारीत तोटा दोघांनी सोसला, पण शिकलेले एकाच्याच घरी राहिले, आणि ते ‘काळाच्या पुढे’वाले या हिशेबाबद्दल कधी अवाक्षरही काढत नाहीत.