एआय कन्सल्टंट व्हा की राव!

इंजिनिअरिंग झालं, सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला जाऊन चार इंटरव्ह्यू दिले, रात्री त्याच गाडीनं तोंड पाडून परत आलात, आता घरचे म्हणतायत एमपीएससीचा फॉर्म भर नायतर चुलत्याच्या दुकानात बस. दोन्ही करू नका. एआय कन्सल्टंट व्हा. एकट्या ॲक्सेंचर या कन्सल्टिंग कंपनीनं २०२४ च्या आर्थिक वर्षात जनरेटिव्ह एआयची ३ अब्ज डॉलरची कामं मिळवली, मग आपण सोलापुरातनं दोन-चार लाख उचलले तर कुणाच्या बापाचं काय जातंय?

अनुभव? अहो चॅटजीपीटीच आलं ३० नोव्हेंबर २०२२ ला. तुम्ही बिनधास्त दहा वर्षं लिहा, कोण बोटं मोजत बसतंय. व्हिजिटिंग कार्ड मात्र जाड कागदाचं छापा.

पहिलं गिऱ्हाईक अक्कलकोट रोड एमआयडीसीत शोधा. चादरीचा कारखानदार बेस्ट, कारण तो आधीच टेन्शनमध्ये असतो, सुताचा भाव चढलाय, मागावर काम करायला पोरं मिळेनात, जीआय टॅग (सोलापूरच्याच मालाला हे नाव लावायचा कायदेशीर हक्क) असूनबी पानिपतचा माल सोलापुरी चादर म्हणून खपतोय. तो हे सगळं सांगायला लागला की मान डोलवत ऐका आणि हळूच विचारा, "मालक, तुमच्याकडं डेटा आहे का?" मालक गप्प. तिथनं पुढं तुमचं राज्य.

फक्त एक सांभाळा. शेडमध्ये जकार्डवाले म्हातारे मास्तर असतील, त्यांच्या नादाला लागू नका. ते तुम्हाला मागावर टांगलेली, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांची माळ दाखवणार, पत्त्याला भोक असलं की धागा वर, नसलं की खाली, असं करत करत चादरीवर अख्खा मोर उतरतो. ही युक्ती १८०४ ची, फ्रान्समधल्या जकार्डची, आणि पुढं चार्ल्स बॅबेज या इंग्रज गणितज्ञानं आपल्या गणितयंत्रासाठी, म्हणजे कॉम्प्युटरच्या पूर्वजासाठी, पत्ते इथनंच उचलले. म्हणजे कॉम्प्युटरचा आजा मालकाच्याच शेडमध्ये खडखडतोय! हे मालकाला कळलं तर तो म्हणेल, माझ्याकडं हाय की मग, तुला कशाला पैसे देऊ बे? (खरं तर फी त्या मास्तरांनाच द्यायला पायजे, पण त्यांना पीपीटी येत नाही.)

रिपोर्ट एआयकडनंच लिहून घ्या, वाचत बसू नका. चुका निघाल्या तर? डेलॉइटनं ऑस्ट्रेलिया सरकारला ४ लाख ४० हजार ऑस्ट्रेलियन डॉलरचा रिपोर्ट दिला, त्यात अस्तित्वातच नसलेले संदर्भ निघाले, मग २०२५ मध्ये त्यांनी पैसे परत केले. सगळे नाही हो, काही भाग. एवढ्या मोठ्या कंपनीचं निभावतंय, तुमचं तर पन्नास पानांचं स्पायरल बायंडिंग, ते मालक उघडणारबी नाहीत.

आणि रोज कारखान्यावर जाऊ नका. आपल्या नळाला जसं चार-पाच दिवसाआड पाणी येतं तसं जायचं, म्हणजे लोक वाट बघतात, घागरी भरून ठेवतात.

फीचं तेवढं आधी लेखी घ्या. नायतर मालक म्हणतील "गड्डा (आपली सिद्धेश्वराची जत्रा) होऊ दे, मग बघू", आणि गड्डा झाल्यावर चहा पाजून हातात दोन टेरी टॉवेल ठेवतील. घ्या गुपचूप. नळाला पाणी आलं की अंग पुसायला होतील.