फिजिक्स घेतलं म्हणजे दार बंद? नाही.

बारावीचे निकाल लागले की एक मेसेज हमखास फिरतो: 'बी.एस्सी. फिजिक्स केलं की इंजिनिअरिंग कायमचं गेलं, पुढे फक्त मास्तरकी.' दोन्ही गोष्टी चूक.

बारावीला गणित असलेल्या बी.एस्सी. पदवीधरांना महाराष्ट्रात इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. मात्र आधी डिप्लोमावाल्यांचा नंबर, मग यांचा. शिवाय पहिल्या वर्षाचे ड्रॉइंग आणि मेकॅनिक्स हे विषय दुसऱ्या वर्षासोबत पास करावे लागतात. म्हणजे पदवीची तीन आणि ही तीन, सहा वर्षं. ज्याला नक्की इंजिनिअरच व्हायचंय त्याने हा वळसा घालू नये, हे मीही सांगेन. एम.एस्सी. करून 'गेट' ही एम.टेक.ची प्रवेश परीक्षा दिली तर मटेरियल्ससारख्या काही शाखांत एम.टेक.ही होतं.

राहिली मास्तरकी. (तिला 'फक्त' का म्हणावं, हा वेगळाच वाद!) पण ती एकच वाट नाही: भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ट्रेनिंग स्कूलमध्ये इंजिनिअर आणि फिजिक्सचे एम.एस्सी. दोघांनाही घेतात.

उलटा रस्ताही आहे. टी.आय.एफ.आर.च्या (टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या) फिजिक्स पीएच.डी.साठी बी.टेक. झालेले अर्ज करू शकतात. आणि मन दोन्हीकडे ओढत असेल तर पवईच्या आयआयटीत 'इंजिनिअरिंग फिजिक्स' नावाचं बी.टेक.च आहे. मात्र तिथे जेईई अ‍ॅडव्हान्स्डला पर्याय नाही.

मेसेजमागची भीती एका बाबतीत मात्र खरी: बी.एस्सी.नंतर लगेच मिळणाऱ्या नोकऱ्या कमी असतात, एम.एस्सी.पर्यंत थांबायची तयारी लागते. घरची परिस्थिती तेवढा वेळ देईल का, हे आधी बघा.