मेल जातो कुठे?

घरच्या डेस्कटॉपवर स्वतःचा मेल सर्व्हर बसवणं अगदी सोपं आहे. त्याने पाठवलेला मेल कुणी आत घेणं, तेवढं सोडून.

विंडोजवर एचमेलसर्व्हर टाकायचा. फुकट आहे, त्याचं काम आता पुढे चालू नाही, पण हौस भागते. नेक्स्ट, नेक्स्ट, पासवर्ड. मग डोमेन, त्याखाली खातं. ‘इंटरनेट’ नावाच्या आयपी रेंजमध्ये (आयपी म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता) ‘एक्स्टर्नल टू एक्स्टर्नल’वर, म्हणजे बाहेरच्याचा मेल बाहेरच्यालाच पोचवायच्या परवानगीवर, टिक नाही ना, एवढं बघून घ्यायचं, ती चुकून पडली आणि लॉगिनची सक्तीही काढली, तर जगभरचे स्पॅमवाले तुमच्या विजेवर धंदा करतात. स्वतःच स्वतःला मेल पाठवला की तो झटकन येतो. इथे थांबणारा माणूस सुखी.

बाहेर पाठवलेला मेल रांगेत बसून राहतो. सर्व्हर-सर्व्हरमधली ने-आण 25 नंबरच्या पोर्टवरून चालते आणि घरगुती ब्रॉडबँडवर ते बहुधा बंद असतं. टेलनेट या जोडणी तपासायच्या जुन्या कमांडने समोरच्या सर्व्हरचं 25 ठोकून पाहावं: 220 ने सुरू होणारी ओळ आली तर दार उघडं, ‘कनेक्टिंग’वर अडकून शेवटी ‘कनेक्ट फेल्ड’ आलं तर बंद. कस्टमर केअरला विचारलं की, “सर, एकदा राउटर बंद करून चालू करा.” पोर्ट असो की पीटीआर (आयपीवरून सर्व्हरचं नाव सांगणारी नोंद, ती पुढे येतेच), उपाय हाच.

पोर्ट उघडून मिळालं, तरी आयपी बदलता असतो, नाहीतर सीजीनॅट नावाच्या कंपनीच्या काटकसरीमुळे अनेक घरांत मिळून एक. मग राउटरवर कितीही पोर्ट फॉरवर्ड करा, बाहेरचा मेल आत येत नाही. म्हणजे स्टॅटिक, न बदलणारा आयपी, त्याचे पैसे वेगळे.

आता खरी उलटतपासणी. समोरचा सर्व्हर सोसायटीच्या वॉचमनसारखा आधी नाव विचारतो, मग त्या नावाने वर इंटरकॉम करतो. आयपीचा पीटीआर जे नाव सांगेल, ते नाव फिरून त्याच आयपीवर आलं पाहिजे. हा पीटीआर डोमेन विकणाऱ्याकडे मिळत नाही. ज्याचा आयपी, त्याच्याकडे. म्हणजे पुन्हा तेच राउटर बंद-चालू. वर स्पॅमहाउस या स्पॅमविरोधी संस्थेची पीबीएल नावाची अडवायची यादी आहेच. त्यात नाव यायला गुन्हा करावा लागत नाही, आयपी घरगुती असला की पुरे.

एसपीएफची नोंद (डोमेनच्या नावाने कुठल्या सर्व्हरने मेल पाठवावा ती यादी) डोमेनला एकच हवी; ‘असू द्या’ म्हणून दुसरी घातली की दोन्ही बाद. डीकेआयएमची, म्हणजे मेलवरच्या डिजिटल सहीची, 2048 बिटांची किल्ली डोमेनच्या नोंदीतल्या 255 अक्षरांच्या एका तुकड्यात मावत नाही, तोडून दोन अवतरणांत द्यावी लागते. जोडताना एक अक्षर गळलं की सही खोटी. आणि एसपीएफ किंवा डीकेआयएम यांतलं काहीच नसेल, तर जीमेल 2024 च्या फेब्रुवारीपासून कुणाचंच ऐकत नाही.

वैतागलात तर एचमेलसर्व्हरमधले ‘एसएमटीपी रिलेअर’चे (आपला मेल दुसऱ्याकरवी पाठवायचे) रकाने भरा: दुसऱ्याचा सर्व्हर, पोर्ट 587, लॉगिन. मेल जायला लागतात. फक्त ते आपण पाठवले, असं म्हणायची सोय उरत नाही.

येणाऱ्या टपालाचं मात्र बरं असतं. रात्री विंडोज स्लीपमध्ये गेलं तरी पाठवणारा सर्व्हर पुन्हा पुन्हा येऊन बघतो. पोस्टफिक्स नावाचा मेल सर्व्हर तर मुळातच 5 दिवस दम धरतो. ओटीपीला एवढा दम नसतो. सकाळी स्क्रीन जागी केली की रात्रभराचे मुदत संपलेले ओटीपी ओळीने हजर.