‘आयडी म्हणजे आकडेच तर असतात!’ – एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

माझ्या लेखात मी लिहिलं होतं की डेटाबेसला विचारायच्या प्रश्नात, म्हणजे क्वेरीत, आयडींची यादी मजकूर म्हणून जोडू नका; ‘इन’च्या कंसात प्रश्नचिन्हं ठेवा आणि किमती वेगळ्या, पॅरामीटर म्हणून, पाठवा. नाहीतर किमतीच्या जागी कुणी स्वतःचा हुकूम घुसवू शकतो; त्यालाच इंजेक्शन म्हणतात. त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुम्ही लिहिलंय: ‘आयडी म्हणजे आकडेच तर असतात! प्रत्येकाला इंटिजर करून स्वल्पविरामाने जोडलं की इंजेक्शनची भीती संपली. उलट तुमचं ऐकून ‘इन’च्या कंसात प्रश्नचिन्हांची माळ लावली, तर पाच हजार आयडींवर आमचा एसक्यूएल सर्व्हरवरचा रिपोर्ट बंद पडला.’

दुसऱ्या मुद्द्यात चूक माझी आहे. एसक्यूएल सर्व्हर हा मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस एका क्वेरीत २१०० च्या वर पॅरामीटर घेत नाही, हे लेखात यायलाच हवं होतं. मी पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसवर काम करतो, तिथे ही मर्यादा ६५,५३५ आहे, म्हणून ते माझ्या नजरेतून सुटलं. शिवाय माळेची लांबी बदलली की क्वेरीचा मजकूर बदलतो, आणि सर्व्हरला तिचा प्लॅन, म्हणजे उत्तर शोधायचा मार्ग, नव्याने करावा लागतो.

पहिला मुद्दा मात्र मला पटत नाही. तुमचा कोड आज सुरक्षित आहे, पण तो आयडीला इंटिजर, म्हणजे पूर्णांक, करणाऱ्या एका ओळीच्या भरवशावर. कर्वे रस्त्यावरच्या एका छोट्या कंपनीत असताना आम्ही सोसायट्यांच्या मेंटेनन्सची बिलं काढायचं सॉफ्टवेअर करायचो. फ्लॅट नंबरांची यादी अशीच जोडून क्वेरीत जायची. मग कोथरूडची एक सोसायटी आली, तिचे फ्लॅट ‘बी-१२’ असे. इंटिजरची ओळ अडायला लागली, म्हणून ती काढून प्रत्येक नंबराभोवती अवतरणचिन्हं लावली. हा बदल मीच केला होता. पुढे दुसऱ्या कुणी तेच फंक्शन सभासदांच्या आडनावांसाठी वापरलं. आणि एका महिनाअखेरीला, कॅम्पातल्या सोसायटीची बिलं काढताना, इंग्रजीत लिहिलेल्या ‘डिसोझा’मधल्या (D'Souza) अपॉस्ट्रॉफीने क्वेरी मोडली; डेटाबेसने ते बंद होणारं अवतरणचिन्ह धरलं. बिलं संध्याकाळपर्यंत निघाली. पण आडनावाच्या त्या चौकटीत कुणीही काहीही लिहून आमचा डेटाबेस उघडू शकलं असतं, हे त्या दिवशी कळलं आणि पोटात गोळा आला.

म्हणून माझा आग्रह आहे की यादी ही एकच वस्तू समजून एकाच पॅरामीटरमधून पाठवा. पोस्टग्रेसमध्ये ‘इन’ऐवजी ‘= एनी’ लिहून अख्खा ॲरे, म्हणजे पूर्ण यादी, देता येतो; पाच आयडी असोत की पाच हजार, क्वेरीचा मजकूर तोच. एसक्यूएल सर्व्हरमध्ये २००८ च्या आवृत्तीपासून टेबल-व्हॅल्यूड पॅरामीटर, म्हणजे अख्खं टेबलच पॅरामीटर म्हणून द्यायची सोय, आहे. त्या टेबलाचा साचा, म्हणजे टेबल टाइप, आधी बनवून ठेवावा लागतो, एवढाच व्याप. मायएसक्यूएल ८ या डेटाबेसमध्ये यादी जेसन (माहिती मजकुरात मांडायची एक पद्धत) करून पाठवा आणि ‘जेसन_टेबल’ने तिच्या ओळी करा. तिथे ‘१०१,१०२,१०३’ हा मजकूर एका प्रश्नचिन्हात कोंबू नका. कॉलम आकड्यांचा असेल तर सुरुवातीचा १०१ तेवढा धरला जातो. एकच ओळ येते, एररही येत नाही, आणि उरलेल्या दोन फ्लॅटांची बिलं निघालीच नाहीत हे कुणाच्या लक्षात येत नाही.

रिकामी यादीही तपासा. ‘इन’चा कंस रिकामा राहिला तर पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल दोन्ही एरर देतात. पोस्टग्रेसमध्ये रिकामा ॲरे चालतो: ‘= एनी’ एकही ओळ देत नाही, ‘<> ऑल’ (यादीतल्या कशाशीच न जुळणाऱ्या ओळी) सगळ्या देतो. ‘थकबाकीदार वगळून’ असा रिपोर्ट असेल आणि थकबाकीदार कुणीच नसेल, तर हेच हवं असतं. मात्र वगळायच्या यादीत एक जरी नल (किंमतच नसलेली जागा) शिरला, तर ‘नॉट इन’ (यादीत नसलेल्या ओळी) एकही ओळ देत नाही.

आता तुमचा रिपोर्ट. पाच हजार आयडींवर कुणी हाताने टिक करत नाही. ते बहुधा त्याच डेटाबेसमधल्या आधीच्या क्वेरीतून येत असावेत. तसं असेल तर यादी ॲप्लिकेशनपर्यंत आणूच नका, दोन्ही टेबलं तिथल्या तिथे जॉइन करा. यादी एखाद्या एक्सेल फाइलमधून येत असेल तर टेबल टाइपचा रस्ता धरा. यातलं नेमकं काय आहे ते कळवा. टेबलांची नावं बदलून रचना लिहिलीत तर क्वेरी मी लिहून देतो. २१०० ची मर्यादा आजच मूळ लेखात घालतोय.