काटा व्यापाऱ्याचा, मत कुणाचं?

"सरकारनं बाजारात लुडबूड करू नये" म्हणणाऱ्यांनी ऐन हंगामात बाजार समितीच्या कापसाच्या आवारात दिवसभर थांबावं. बोली दोन मिनिटांत संपते. तिच्या आधीची गेटवरची नोंद, नंतरचा काटा, हिशोबपट्टी, चुकारा म्हणजे मालाचे पैसे, हे सगळं कायद्यानं उभं केलेलं आहे. व्यापारी गावात येऊन करतो त्या खेडा खरेदीत यातलं काहीच नसतं. काटा व्यापाऱ्याचाच, पट्टी नाही. चुकारा बुडाला तर भांडायचं कोणत्या कागदावर?

आपल्याच वऱ्हाडात कारंज्याचा बाजार १८८६ मध्ये नियमांखाली आला, १८९७ मध्ये त्यासाठी कायदा झाला. मोकळ्या बाजारातल्या लुटीवरचाच तो उपाय होता.

पण नियम असला की न्याय झाला, असं नाही. ओलाव्याचंच बघा. हमीभावानं कापूस घेणाऱ्या सरकारी सीसीआयकडं (भारतीय कापूस महामंडळ) ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, पुढं दर टक्क्याला एक टक्का कपात, १२ च्या वर माल परत. २०२५-२६ चा लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये. म्हणजे मीटरवर एक टक्का जास्त दिसला की क्विंटलमागं ८१ रुपये १० पैसे गेले, २५ क्विंटलच्या गाडीला दोन हजारांवर. सकाळच्या दवात वेचलेला कापूस तसाच भरला तर गाडीच्या तळाशी ओल दबून राहते. मीटर नेमका तिथंच खुपसला की आकडा फुगतो. म्हणून वेचलेला कापूस आधी उन्हात पसरा, आणि केंद्रावर वरून, मधून, तळातून असं तीन-चार ठिकाणी मीटर लावायला सांगा.

मीटर धरणाऱ्याला, काट्यावरच्याला जाब विचारायचा कुणी? इथं लोकशाही लागते, आणि इथंच ती पातळ आहे. बाजार समितीत १८ संचालक: गावोगावच्या पीककर्ज देणाऱ्या सेवा सोसायट्यांच्या गटाचे ११, ग्रामपंचायतीचे ४, व्यापारी-अडत्यांचे २, हमाल-मापाऱ्यांचा १. शेतकऱ्यांचे १५ दिसतात खरे, पण त्यांना निवडतात सोसायट्यांचे संचालक आणि ग्रामपंचायत सदस्य. २०१७ मध्ये किमान १० गुंठे जमीन आणि पाच वर्षांत तीनदा माल विकलेल्या शेतकऱ्याला थेट मत मिळालं होतं. २०२० मध्ये ते काढून घेतलं, कारण दिलं निवडणुकीच्या खर्चाचं. मला हे पटत नाही. ज्याच्या मालावर बाजार फी जमते, त्याच्याच मताचा खर्च जड कसा होतो?

वरही तेच. १९ ऑगस्ट २०२५ पासून कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क उठलं, आधी सप्टेंबरअखेर आणि मग डिसेंबरअखेरपर्यंत. पऱ्हाटी तेव्हा शेतात उभी होती. गिरण्यांचं म्हणणं दिल्लीला पोचलं. त्यात चूक काहीच नाही, त्यांनाही स्वस्त रुई हवीच. पण बोंडं फुटायच्या तोंडावर शुल्क उठवताना आपल्या बाजूनं तिथं कोण बोललं, हे आपल्या खासदारांना विचारायला पाहिजे.

सोसायटीची निवडणूक लागली की मतदार यादीत आपलं नाव बघा, थकबाकीनं कटलं असेल तर मुदतीत हरकत घ्या. आज बाजार समितीपर्यंत जायची मुख्य वाट त्याच यादीतून आहे.