नाळेची बँक

परवा भाचीबरोबर दादरला तपासणीला गेले होते. आठवा महिना चालू आहे. बाहेर नंबरची वाट बघत बसलो, तर टाय लावलेला एक मुलगा शेजारी येऊन बसला. हातात फाइल, फाइलवर गोरंगोमटं बाळ. "मॅडम, नाळेतलं रक्त साठवायची संधी आयुष्यात एकदाच येते." 65 हजार, हप्त्याने चालतील. सोबत, या रक्ताने पुढे बरे होतात म्हणे अशा आजारांची हीऽ लांब यादी. भाचीचा चेहरा उतरला. मला हळूच म्हणाली, "मावशी, उद्या काही झालं तर पैशाकडे बघितलं असं नको ना व्हायला?"

रक्ताच्या आधी ही धास्ती साठवून घेतात हे लोक.

माझी सगळी नोकरी महापालिकेच्या प्रसूतिगृहात गेली. मी त्याला विचारलं, "यादीत थॅलेसेमिया आहे. बाळाला झाला तर त्याचंच रक्त चालेल?" "शंभर टक्के मॅच, मॅडम!" अरे, मॅच आहे हीच तर अडचण! थॅलेसेमिया हा आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार, बिघडलेला जीन त्या रक्तातही आहेच. नासलेल्या दुधात त्याच पातेल्यातलं दूध ओतून काय होणार? (भाचीची थॅलेसेमियाची तपासणी आम्ही तिसऱ्या महिन्यातच उरकली. खर्च त्या 65 हजारांच्या पासंगालाही पुरणार नाही.)

शास्त्र खोटं नाही. 1988 साली पॅरिसमध्ये फॅन्कोनी अ‍ॅनिमिया नावाचा रक्ताचा आनुवंशिक आजार झालेल्या एका मुलाला नाळेतल्या रक्तानेच बरं केलं. पण ते रक्त त्याच्या नवजात बहिणीचं होतं. म्हणून घरात मोठ्या मुलाला असा आजार असेल तर धाकट्याचं जरूर साठवा, त्याच्या डॉक्टरांना विचारून. आयसीएमआर, म्हणजे आपल्या देशाची वैद्यकीय संशोधन परिषद, तीही हेच सांगते. निरोगी घरात स्वतःपुरतं साठवायला शास्त्रीय आधार नाही, असं त्यांनी स्पष्ट म्हटलंय. फाइलमध्ये ते पान नव्हतं.

आणि ते रक्त काही फुकट जात नसतं हो. बाळ बाहेर आल्यावरही नाळ धडधडत असते. दोन बोटांत धरली की ठोके लागतात, मग हळूहळू मंद होतात आणि निळसर, फुगीर नाळ पांढरी, लुळी पडते. तेवढ्या दोन-तीन मिनिटांत 80 ते 100 मिलीलीटर रक्त बाळात जातं. तीन किलोच्या बाळाच्या अंगात सगळं मिळून रक्त असतं जेमतेम पाव लिटर! पुढचे कित्येक महिने तेच लोह त्याला पुरतं. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, निदान एक मिनिट थांबा. पिशवी भरायची तर घाई करावी लागते, नाहीतर पिशवीत येणार काय? आम्हीही पूर्वी बाळ आलं की लगेच चिमटा लावायचो, तसंच शिकवलं होतं. माझ्या आजीच्या गावची सुईण मात्र वार पडेपर्यंत नाळेला हात लावायची नाही, आणि आम्ही शिकलेल्या पोरी तिला हसायचो.

आत गेल्यावर भाचीने डॉक्टरांना एवढंच विचारलं, "नाळ कधी कापता?" त्या म्हणाल्या, "बाळ नीट रडलं की थांबते मी थोडी." बाहेर आलो तेव्हा तो मुलगा दुसऱ्या बाकावर, दुसऱ्या पोटाशेजारी बसला होता.